शिक्का कोणाच्या हाती?

१९ नोव्हेंबर २०२४ ही महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाची आदली रात्र होती. जाहीर प्रचार थांबला होता. अशा वेळी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे आणि त्या वेळचे काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांच्या आवाजातील म्हणून काही ध्वनिफिती भारतीय जनता पक्षाने लोकांपुढे मांडल्या. बिटकॉइन या आभासी चलनाचा पैसा निवडणुकीत वापरला जात आहे, असा आरोप त्यांच्या आधारे करण्यात आला. श्रीमती सुळे यांनी तो आवाज आपला नसल्याचे सांगून निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. दुसऱ्या दिवशी, मतदान चालू असताना, त्या वेळचे उपमुख्यमंत्री आणि त्यांचे चुलत बंधू अजित पवार यांनी आवाज बहिणीचाच असल्याचे सांगितले. तथ्यपडताळणी करणाऱ्या संस्थांनी उपलब्ध साधनांनी तपासणी केली आणि त्यांतील बहुतेक फिती कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या असाव्यात, असा अंदाज वर्तविला. तोपर्यंत २८८ मतदारसंघांत मतदारांच्या रांगा लागल्या होत्या.

या प्रकरणात खरे कोण आणि खोटे कोण, याचा निवाडा करणे हे या लेखाचे प्रयोजन नव्हे. कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. आवाजाची ओळख ही आजवर साक्षीची सर्वांत साधी कसोटी होती. अंधारात हाक आली तरी घरचे माणूस कोणते हे कळत असे. त्या दिवशी एकाच घरातील दोन व्यक्तींनी एकाच आवाजाविषयी परस्परविरुद्ध साक्ष दिली, आणि सामान्य मतदाराजवळ त्यांपैकी एकीवर विश्वास ठेवण्यापलीकडे कोणतेही साधन नव्हते. ती फीत यंत्राने घडविली की माणसाच्या तोंडून निघाली, हे सांगणारी कसलीही खूण तिच्यावर नव्हती. मागाहून लागलेला शोध कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी बैल गेल्यावर झोपा करण्यासारखाच तो ठरतो. यंत्रनिर्मित वस्तूवर ती घडविली जात असतानाच खूण उमटली पाहिजे, हा त्यातून निघणारा धडा आहे.

हे तत्त्व नवे नाही. या देशात छापील मजकुरावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव असले पाहिजे, असे बंधन १८६७ च्या कायद्याने घातले होते. परकीय सरकारचा हेतू अर्थातच लोकहिताचा नव्हता, लोकांवर नजर ठेवण्याचा होता. परंतु स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात हेच तत्त्व लोकशाहीच्या रक्षणासाठी आले. त्या कायद्याच्या १२७-अ या कलमान्वये निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि पत्ते असलेच पाहिजेत. ज्याने गावोगावी पत्रके वाटली आहेत अशा प्रत्येक कार्यकर्त्याला ती तळाची बारीक ओळ ठाऊक आहे. मजकूर कोणी काढला हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे, आणि लिहिणाऱ्याला त्याची जबाबदारी झटकता येऊ नये, एवढाच तिचा अर्थ. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात या ओळीला एक शब्द जोडावयाचा आहे: हे कोणत्या यंत्राने घडविले.

सरकारने आणि निवडणूक आयोगाने त्या दिशेने काही पावले टाकली आहेत, हे मान्य केले पाहिजे. आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये प्रचारातील यंत्रनिर्मित चित्रांवर व ध्वनिफितींवर तशी नोंद करण्याची सूचना पक्षांना दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ही नोंद चित्राच्या किमान दहा टक्के भागावर आणि ध्वनिफितीच्या सुरुवातीच्या दहा टक्के वेळात असावी, असे आयोगाने सुचविले. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती केली आणि ती २० फेब्रुवारीपासून अमलात आणली. खऱ्यासारखी भासणारी कृत्रिम चित्रे, चित्रफिती व ध्वनिफिती यांवर ठळक खूण हवी. तंत्रदृष्ट्या शक्य असेल तेथे त्यांच्या पोटात कायमची नोंद हवी. ती खूण पुसण्याची सोय कोणी देऊ नये, असे हे नियम सांगतात. बेकायदा मजकूर हटविण्यासाठी पूर्वी असलेली ३६ तासांची मुदतही ३ तासांवर आली आहे. एवढ्या थोड्या वेळात हटविण्याच्या सक्तीतून खऱ्या टीकेचाही गळा दाबला जाण्याचा धोका आहे, आणि त्याविरुद्ध जागरूक राहिले पाहिजे. तरीही खुणेचे तत्त्व कायद्यात आले, हे बरे झाले.

परंतु या साऱ्या व्यवस्थेचे लक्ष बाजारपेठेकडे आणि चव्हाट्याकडे आहे. समाजमाध्यमांवर जे फिरते त्याची काळजी नियमांनी घेतली आहे. जेथे श्रमिक माणूस दिवसाचे आठ-दहा तास घालवतो, त्या कामाच्या जागेकडे त्यांनी पाहिलेले नाही. नियमांचे बंधन मध्यस्थ कंपन्यांवर आहे; मालक आणि नोकर यांच्या संबंधांविषयी ते बोलत नाहीत. केवळ लिखित मजकूर त्यांच्या व्याख्येबाहेर आहे. कार्यालयीन दस्तऐवज, सादरीकरणे, प्रशिक्षणाचे साहित्य हे सद्हेतूने आणि नेहमीच्या कामाचा भाग म्हणून तयार केले असेल, आणि त्यातून खोटा दस्तऐवज निर्माण होत नसेल, तर त्यालाही सूट आहे. ही सूट अकारण दिलेली नाही. प्रत्येक हिशेबपत्रकावर शिक्का मारीत बसणे कोणालाच परवडणार नाही. पण सद्हेतू होता की नव्हता हे प्रथम कोण ठरविणार? कार्यालयात त्याचे उत्तर एकच असते: ज्याच्या हाती सत्ता आहे तो. निवडणूक पाच वर्षांनी येते. कारखान्याचा भोंगा रोज वाजतो. म्हणून खुणेचा प्रश्न हा केवळ प्रचाराच्या शुचितेचा प्रश्न राहत नाही. तो श्रमाच्या अटींचा प्रश्न होतो.

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके डोळ्यांसमोर आणले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. माळेगाव आणि सोमेश्वर हे बारामती तालुक्यातील सहकारी साखर कारखाने. भवानीनगरचा छत्रपती, तसेच कर्मयोगी आणि नीरा-भीमा हे इंदापूर तालुक्यातील. वालचंदनगरला तर १९३० च्या दशकापासून साखरेची आणि पुढे अवजड यंत्रांची परंपरा आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांपासून चॉकलेटपर्यंत अनेक वस्तू तयार होतात. त्याभोवती दूध संघ, बँका, पतसंस्था, शिक्षणसंस्था यांचे जाळे आहे. याच बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्या सहकार्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. जमिनीतील संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे यांच्या आधारे पाणी, खत व कीड यांविषयीचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी या प्रयोगाचा जाहीर गौरव केला. पाठोपाठ जूनमध्ये राज्य सरकारने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०० कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. म्हणजे जगातील अद्ययावत यंत्रविद्या आणि कोयत्यावर आलेले ऊसतोडणीचे जोडपे ही दोन्ही येथे एकाच फडात उभी आहेत.

यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. पाण्याची आणि खताची बचत होत असेल तर ती शेतकऱ्याच्या आणि समाजाच्याही हिताची आहे. पण मोबाइलवर आलेला सल्ला यंत्राने दिला की कृषिविस्तारकाने तपासून दिला, हे शेतकऱ्याला कळले पाहिजे. कारण पीक बुडाले तर जाब कोणाला विचारावयाचा, हे त्यावर अवलंबून आहे. हीच गोष्ट कार्यालयाची. पत्र लिहिणे, सभेचा गोषवारा काढणे, छायाचित्र घडविणे, माणसाविना निवेदकाची चित्रफीत तयार करणे, कोणाच्याही आवाजाचे अनुकरण करणे या साऱ्या करामती आता नेहमीच्या कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या आवाक्यात आल्या आहेत. त्यांचा उपयोग कोठे कोठे होऊ शकतो याचा विचार करावा. यंत्राच्या सुरक्षिततेविषयी कामगारांना दाखविलेली चित्रफीत प्रत्यक्ष त्या यंत्राची आहे की कल्पित? खातेनिहाय चौकशीत पुढे ठेवलेले छायाचित्र दरवाज्यावरच्या कॅमेऱ्याने टिपले की दुरुस्त केले? कामगार प्रतिनिधींबरोबरच्या बैठकीचा गोषवारा कारकुनाने टिपला की यंत्राने रचला, आणि जो शब्द कोणी उच्चारलाच नाही तो त्यात आला तर? या प्रश्नांच्या उत्तरावर माणसाची नोकरी आणि कधी कधी जीवही अवलंबून असतो.

खूण उमटविण्याच्या रीती मुख्यतः तीन आहेत. पहिली उघड खूण: चित्राच्या कोपऱ्यात अक्षरे, किंवा ध्वनिफितीच्या आरंभी बोललेली सूचना. दुसरी लपलेली खूण, जिला जलचिन्ह म्हणतात. नोट उजेडासमोर धरली की कागदाच्या पोटातील चित्र दिसते, त्या जातीची ही खूण असते. फरक एवढाच, की ती चित्राच्या ठिपक्यांत किंवा आवाजाच्या लहरींत विणलेली असते आणि डोळ्याला वा कानाला न जाणवता तपासणी-यंत्राला सापडते. गूगलने २०२३ मध्ये आणलेली सिंथआयडी ही पद्धत या प्रकारची आहे. तिसरी रीत म्हणजे वस्तूबरोबर जोडलेला जन्मदाखला: कोणत्या साधनाने, केव्हा तयार केली आणि पुढे काय बदल केले, याची सही-शिक्क्यानिशी नोंद. २०२१ मध्ये अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदींनी एकत्र येऊन सी२पीए या नावाने तिचा आराखडा आखण्यास आरंभ केला. तिन्हींत उणिवा आहेत. उघड खूण कापून टाकता येते. जन्मदाखला तर पडद्याचे नुसते छायाचित्र काढले, किंवा चित्र व्हॉट्सॲपवरून पाठविले, तरी गळून पडू शकतो. लपलेली खूण अधिक टिकाऊ, पण ती वाचण्याचे साधन बहुधा ती उमटविणाऱ्या कंपनीजवळच असते. साध्या लेखी मजकुरात तर ती टिकविणे सर्वांत अवघड; वाक्ये थोडी फिरविली की खूण विरून जाते.

या तांत्रिक उणिवा पुढे-मागे कमी होतील. खरी अडचण तांत्रिक नाही, ती अधिकाराची आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ हा जगभर वापरला जाणारा कार्यालयीन सॉफ्टवेअरचा संच घ्या. यंत्राने घडविलेल्या किंवा बदललेल्या चित्रफितीवर व ध्वनिफितीवर जलचिन्ह उमटवावे की नाही, हे ठरविण्याची कळ त्यात संस्थेच्या प्रशासकाच्या हाती ठेवलेली आहे. प्रशासक म्हणजे व्यवस्थापनाचा माणूस. त्याने कळ दाबली तर खूण उमटेल. न दाबली तर कामगाराला कळणारही नाही की अशी काही कळ होती. ज्याच्यापासून संरक्षण हवे त्याच्याच खिशात कुलपाची किल्ली देण्याचा हा प्रकार आहे.

ऊस उत्पादकाला हा अन्याय समजावून सांगावा लागत नाही. काटामारीविरुद्धची ओरड प्रत्येक गाळप हंगामात ऐकू येते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला केंद्राने ठरविलेला रास्त व किफायतशीर दर क्विंटलला ३५५ रुपये होता. म्हणजे एका खेपेत शंभर किलो ऊस कमी भरला, तर ठोक हिशेबाने ३५५ रुपये हातचे गेले. अशा खेपा हंगामात किती होतात याचा गुणाकार प्रत्येकाने आपापला करावा. यावर उपाय म्हणून समाजाने काय केले? काट्याच्या अचूकतेचा दाखला कारखान्याने स्वतःला द्यावा, असे म्हटले नाही. वजनमापाचा कायदा केला, काटा शासनाच्या वैधमापन निरीक्षकाने पडताळावा आणि त्यावर त्याने मुद्रा उठवावी, असे ठरविले. ती व्यवस्था निर्दोष चालते असे कोणी म्हणणार नाही; म्हणून तर शेतकऱ्यांना भरारी पथके मागावी लागतात, बाहेरच्या काट्यावर वजन करून आणण्याचा हक्क मागावा लागतो. पण तत्त्व निर्विवाद आहे: माप ज्याचे, मुद्रा त्याची असता कामा नये. यंत्रनिर्मित वस्तूवरच्या खुणेलाही हेच तत्त्व लावले पाहिजे.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. पहिला आक्षेप असा, की खूण हा कलंक ठरेल. एखादा कारकून किंवा शिपाई आपला अर्ज शुद्ध भाषेत लिहिण्यासाठी यंत्राची मदत घेतो. दृष्टिहीन कर्मचारी त्याच्याकडून कागद वाचवून घेतो. त्याच्या कामावर यंत्राचा शिक्का बसला तर वरिष्ठ त्याला कामचुकार ठरवतील. हा धोका खरा आहे. खुणेची सक्ती फक्त खालच्यांवर आली आणि वरच्यांना सूट मिळाली, तर खूण हे पाळतीचे आणखी एक हत्यार होईल. म्हणूनच बंधनाचा क्रम उलटा हवा. ज्या मजकुराच्या जोरावर दुसऱ्याच्या रोजीरोटीचा निर्णय होतो, अशा सूचना, दोषारोपपत्र, पुरावा, सुरक्षिततेचे धडे आणि उत्पादनाची पत्रके यांवर खूण सक्तीची असावी. कामगाराने भाषा सुधारण्यासाठी घेतलेल्या मदतीला ती लागू नसावी. सत्ता जितकी मोठी तितके उत्तरदायित्व मोठे, हे लोकशाहीचे सूत्र येथेही सोडता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खुणेची सवय झाली की ज्यावर खूण नाही ते सारे खरे, असे लोक मानू लागतील आणि लबाडाचे फावेल. शिवाय उलटही घडेल: जे खरे आहे ते यंत्रनिर्मित आहे म्हणून झटकता येईल. कामगाराने आपल्या मोबाइलवर टिपलेली अपघाताची चित्रफीत, स्त्री कामगाराने जपून ठेवलेली मुकादमाच्या धमकीची ध्वनिफीत, 'हे सारे कृत्रिम आहे' या चार शब्दांनी निकालात निघू शकते. दुर्बळाजवळ पुरावा आधीच थोडा असतो. तोही संशयाच्या भोवऱ्यात सापडला तर त्याच्याजवळ उरते काय? रोजगार हमीच्या कामांवर जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरील छायाचित्राने हजेरी घेण्याची सक्ती झाली होती. खोटे मस्टर थांबविणे हा तिचा हेतू. परंतु ८ जुलै २०२५ च्या परिपत्रकात केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच कबूल करावे लागले, की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढविली जातात, छायाचित्राचेच छायाचित्र काढून हजेरी लागते, तीच माणसे निरनिराळ्या मस्टरवर दिसतात. तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेचीही गरज पडली नाही. दुसऱ्या बाजूला, प्रामाणिकपणे काम केलेल्या मजुराचे छायाचित्र चढलेच नाही तर त्याची मजुरी अडकते. यंत्राची साक्ष माणसाच्या साक्षीहून श्रेष्ठ मानली की असे घडते.

तेव्हा खूण हा पुराव्याचा एक घटक आहे, संपूर्ण पुरावा नव्हे, हे कार्यकर्त्यांनी स्वतः समजून घेतले पाहिजे आणि लोकांना समजावून दिले पाहिजे. खूण असणे म्हणजे खोटेपणा नव्हे आणि नसणे म्हणजे खरेपणा नव्हे. मूळ फीत कोठे आहे, ती कोणी कोणत्या उपकरणावर घेतली, साक्षीदार कोण, हे जुने प्रश्न आजही विचारावे लागतील. त्याचबरोबर आणखी एक दक्षता हवी. जन्मदाखल्यात यंत्राची ओळख असावी, माणसाची सक्तीने असू नये. गैरव्यवहार उघड करणाऱ्या कामगाराच्या चित्रफितीतून त्याचे नाव, मोबाइल आणि जागा मालकाला वाचता येऊ लागली, तर खरे बोलण्याची किंमत नोकरीने चुकवावी लागेल. मुद्रकाचे नाव मागणाऱ्या १८६७ च्या कायद्याचा परकीय सरकारने कसा वापर केला, हे विसरून चालणार नाही.

आणि खूण लोकांच्या भाषेत हवी, लोकांना पोहोचेल अशा रूपात हवी. बीड, अहिल्यानगरकडून या दोन तालुक्यांत तोडणीला येणाऱ्या टोळ्यांतील अनेकांना अक्षरओळख जेमतेम असते. त्यांचा व्यवहार बोललेल्या शब्दावर चालतो: मुकादमाचा शब्द, चिटबॉयचा निरोप, शेतकी अधिकाऱ्याचा फोन. उद्या शेतकी अधिकाऱ्याच्या आवाजात यंत्राने निरोप पाठविला, टोळी रात्रीतून दुसऱ्या गावच्या फडावर हलली आणि तेथे तोड नाही असे कळले, तर बुडालेल्या दिवसाची भरपाई कोण देणार? अशा माणसांसाठी पडद्याच्या कोपऱ्यातील बारीक इंग्रजी अक्षरे असून नसल्यासारखीच. 'हा निरोप यंत्राच्या आवाजात आहे' हे वाक्य प्रथम मराठीत ऐकू आले पाहिजे.

हे सारे कोण घडवून आणणार? केवळ सरकारच्या भरवशावर बसून ते होणार नाही. नव्या यंत्राच्या अटी ठरविण्याचा हक्क संघटनांनी यापूर्वी मिळवलेला आहे. बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचारी संघटनांनी प्रदीर्घ वाटाघाटी केल्या आणि ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक व्यवस्थापनांच्या संघाशी यांत्रिकीकरणाचा करार केला. यंत्र अडविता आले नाही; पण ते कोठे, किती आणि कोणत्या अटींवर यावे हा वाटाघाटीचा विषय आहे, हे त्या कराराने प्रस्थापित केले. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी लेखकांनी १४८ दिवसांचा संप केला. त्यातून झालेल्या करारात एक कलम असे आहे, की कंपनीने लेखकाच्या हाती दिलेले साहित्य यंत्रनिर्मित असेल तर ते तसे असल्याचे कंपनीने लेखकाला सांगितलेच पाहिजे. त्याच वर्षी संपावर गेलेल्या नटनट्यांनी आपल्या चेहऱ्याची व आवाजाची यांत्रिक प्रतिकृती करण्यापूर्वी संमती घेण्याची अट मान्य करून घेतली. हॉलिवूडच्या नटाला जो हक्क मिळाला तो माळेगावच्या फिटरला आणि इंदापूरच्या दूध संकलन केंद्रावरील कारकुनाला का मिळू नये?

आपल्याकडे परिस्थिती अधिक बिकट झाली आहे, हे खरे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांचे बंधन ३०० वा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरते मर्यादित केले. औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाने आणि ठेकेदारी कामगार त्यामुळे उघड्यावर पडले आहेत. म्हणूनच जेथे संघटना आहे तेथे वेतनकरारातच ही कलमे घालून घेतली पाहिजेत, आणि जेथे नाही तेथे हा प्रश्न संघटना बांधण्याचे निमित्त झाला पाहिजे.

मागण्या अवास्तव नाहीत. कामगारांना उद्देशून काढलेली प्रत्येक यंत्रनिर्मित सूचना, चित्रफीत व ध्वनिफीत यांवर आरंभीच मराठीत स्पष्ट खूण असावी. जलचिन्हाची कळ चालू ठेवण्याचा निर्णय व्यवस्थापन आणि कामगार प्रतिनिधी यांनी मिळून करावा, आणि ती केव्हा, कोणी, कोणत्या कारणाने बंद केली याची नोंद प्रतिनिधींना पाहता यावी. मूळ फीत व तिचा जन्मदाखला दाखविल्याशिवाय कोणत्याही ध्वनिचित्रफितीच्या आधारे शिस्तभंगाची कारवाई होऊ नये. कामगाराचा चेहरा किंवा आवाज घेऊन प्रतिकृती करावयाची असेल तर त्याची लेखी आणि केव्हाही मागे घेता येईल अशी संमती असावी. नोकरी सोडल्यावर ती प्रतिकृती नष्ट करावी. सहकारी कारखान्यांत तर सभासद हाच मालक म्हणविला जातो. तेव्हा वार्षिक सर्वसाधारण सभेत या विषयावर ठराव मांडण्याचा त्याचा हक्क आहे, आणि तो त्याने बजावावा. शेवटी, वैधमापन खात्याच्या धर्तीवर या खुणा तपासणारी, कंपन्यांपासून व मालकांपासून स्वतंत्र अशी सार्वजनिक यंत्रणा जिल्हा पातळीवर असावी. शिक्का वाचण्याचे साधन परदेशी कंपनीच्या तिजोरीत ठेवून शिक्क्याचा उपयोग नाही.

या मागण्या घेऊन जो कार्यकर्ता कारखान्याच्या दरवाज्यासमोर उभा राहील, त्याने स्वतःचे हात स्वच्छ ठेवले पाहिजेत. प्रचाराच्या घाईत दिवंगत नेत्याच्या आवाजात भाषण घडवून घेण्याचा मोह होतो. तुरळक सभेचे छायाचित्र गर्दीने भरून काढणे आता एका बोटाचे काम आहे. असा प्रत्येक मोह हा ज्या लोकांसाठी चळवळ चालते त्यांचीच फसवणूक आहे. चळवळीच्या प्रत्येक शाखेने आपल्या पत्रकांवर, फलकांवर व फितींवर यंत्राची मदत घेतल्याची नोंद आजपासून करावी. त्यासाठी नियमाची वा आयोगाच्या नोटिशीची वाट पाहण्याचे कारण नाही.

श्रमिकाच्या हाती पैसा नसतो, अधिकार नसतो. त्याच्याजवळ असते ती त्याची साक्ष. अमुक दिवशी मी कामावर होतो, अमुक वजनाचा ऊस मी घातला, अमुक शब्द मला बोलले गेले, या साक्षीवर त्याचे सारे हक्क उभे असतात. ती साक्ष खोटी पाडण्याचे आणि खोटी साक्ष उभी करण्याचे साधन आज प्रथमच इतक्या स्वस्तात धनिकांच्या हाती आले आहे. या हंगामात काट्यावर वजन पाहायला जो कार्यकर्ता उभा राहील, त्याने कार्यालयात जाऊन एवढे तरी विचारावे: जलचिन्हाची कळ कोणाच्या हाती आहे, आणि ती चालू आहे काय? उत्तर मिळाले नाही, तर लढ्याची सुरुवात तेथूनच करावी.